कोचला किती वर्षं द्यायची? नेब्रास्काची गोष्ट आणि फॅन्सचा न संपणारा वाद

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा लोकलमध्ये इयरफोन विसरला, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलता बोलता जे इकडेतिकडे भरकटलं होतं, ते इथे जरा सरळ करून लिहिलंय.

सुरुवात एका फोनपासून. सप्टेंबर २०२२, रविवारची रात्र. माझा एक मित्र तेव्हा नुकताच अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात एमएस करायला गेला होता. फोन उचलला तर थेट म्हणाला, "अरे, कोचला काढलं!"

"कोणत्या कोचला?"

"आमच्या!"

जाऊन महिनाही झाला नव्हता आणि कोच 'आमचा' झाला होता. मी हसलो. तो मात्र हसत नव्हता. म्हणाला, "तुला कळणार नाही. इथे आज सगळं गाव याच्यावरच बोलतंय."

मला खरंच कळलं नव्हतं. मग मी वाचत गेलो, आणि त्यातून हा एपिसोड झाला.

आधी थोडं बॅकग्राउंड. हे फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं फुटबॉल नाही. हेल्मेट घालून, अंडाकृती बॉल हातात घेऊन खेळतात ते अमेरिकन फुटबॉल. आणि कॉलेज फुटबॉल म्हणजे विद्यापीठांच्या टीम्स. आपल्याकडे युनिव्हर्सिटीची मॅच म्हटलं की टीममधल्या मुलांचे मित्र आणि दोन-चार प्रोफेसर एवढीच गर्दी. लिंकनचं मेमोरियल स्टेडियम सुमारे ८५ हजारांचं आहे. वानखेडे साधारण ३३ हजारांचं. म्हणजे अडीच वानखेडे, आणि १९६२ पासून तिथली प्रत्येक मॅच हाउसफुल्ल धरली जाते. सगळ्या राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, आणि तिथे व्यावसायिक फुटबॉलची किंवा बास्केटबॉलची एकही मोठी टीम नाही. जे काही आहे ते ही कॉलेजची टीम.

सीझनमध्ये नियमित मॅचेस फक्त बारा. बारापैकी सहा जिंकल्या तर वर्षाअखेर 'बोल गेम' म्हणजे निमंत्रणाची एक जादा मॅच मिळते. दहा जिंकल्या तर गाव डोक्यावर घेतं, चार जिंकल्या तर कोचला घरी पाठवा म्हणून ओरड सुरू.

आता मूळ प्रश्न. टीम खालावली की नवा कोच येतो आणि म्हणतो, मला 'रिबिल्ड' करायचंय, नव्याने बांधणी करायचीय, थोडा धीर धरा. थोडा म्हणजे किती? दोन वर्षं? चार? आणि धीर धरला तर फळ मिळतं का?

नेब्रास्काकडे या प्रश्नाची दोन्ही उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर टॉम ऑस्बोर्न. १९७३ ते १९९७ अशी २५ वर्षं तो हेड कोच होता. ओक्लाहोमा हा त्यांचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी, आणि पहिले पाच सीझन ऑस्बोर्न त्यांच्याकडून सलग हरला. राष्ट्रीय विजेतेपद यायला १९९४ उजाडलं, म्हणजे त्याचा बाविसावा सीझन! त्यानंतर १९९५ आणि १९९७ मध्येही. धीराची बाजू घेणारा प्रत्येक फॅन हे उदाहरण देतो. पण एक गोष्ट सांगायची राहते. ऑस्बोर्नने एकाही सीझनमध्ये नऊपेक्षा कमी मॅच जिंकल्या नाहीत. लोकांनी धीर धरला तो हरणाऱ्या कोचसाठी नव्हे, जिंकत असूनही शेवटची पायरी न चढणाऱ्या कोचसाठी.

दुसरं उत्तर त्याच्या मागोमाग आलं. ऑस्बोर्ननंतर त्याचाच सहाय्यक फ्रँक सोलिच कोच झाला. सहा सीझनमध्ये ५८ विजय, १९ पराभव. २००१ च्या सीझनमध्ये टीम राष्ट्रीय विजेतेपदाच्या मॅचपर्यंत पोचली. २००२ वाईट गेलं, ७-७. २००३ मध्ये पुन्हा ९-३. आणि त्या ९-३ नंतर त्याला काढलं! कारण काय, तर टीम पूर्वीसारखा दरारा दाखवत नाही.

पुढे काय झालं बघा. नवा कोच बिल कॅलहन. पहिल्याच वर्षी ५-६, म्हणजे १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा सीझन. चार वर्षांत तोही गेला. मग बो पेलिनी आला. त्याने दरवर्षी किमान नऊ मॅच जिंकल्या, पण दरवर्षी चार हरल्या, मोठा किताब एकही नाही. २०१४ मध्ये तोही ९-३ वर असताना घरी. त्याच्यानंतर माइक रायली, तीन वर्षांत १९-१९. गंमत म्हणजे सोलिच पुढे ओहायो विद्यापीठात गेला, तिथे सोळा सीझन टिकला आणि त्या कॉलेजला इतिहासातला पहिला बोल गेम त्यानेच जिंकून दिला.

मग २०१८ मध्ये आला तो कोच, ज्याला काढलं म्हणून माझा मित्र फोनवर ओरडत होता. स्कॉट फ्रॉस्ट. याच राज्यातला मुलगा, १९९७ च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक. शिवाय सेंट्रल फ्लोरिडाची टीम त्याने घेतली ती आदल्या वर्षी ०-१२ झालेली, आणि दुसऱ्याच वर्षी १३-० करून दाखवली. आता याला नाही तर कुणाला वेळ द्यायचा? आणि वेळ दिलाही. ४-८, ५-७, ३-५, ३-९. तरी थांबले.

इथे एक मजेशीर आकडा आहे. २०२१ च्या त्या ३-९ सीझनमधले नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी पॉइंटांनी झाले होते. फॅन्स दोन गटांत फुटले. एक गट म्हणे, टीम चांगली आहे, फक्त नशीब खराब, पुढच्या वर्षी हेच निकाल उलटतील. दुसरा म्हणे, चौथ्या वर्षीही तुम्ही शेवटच्या पाच मिनिटांत चुकता, तर ते नशीब नाही, ती सवय आहे.

पहिल्या गटाचं म्हणणं उगाच नाही. कोलोराडोतल्या राज्यशास्त्राच्या काही अभ्यासकांनी १९९७ ते २०१० पर्यंतच्या कॉलेज टीम्सचे निकाल तपासले. सारखीच कामगिरी असलेल्या टीम्स घेतल्या, काहींनी कोच बदलला, काहींनी नाही, आणि पुढच्या वर्षांची तुलना केली. फार वाईट अवस्थेतल्या टीम्सना कोच बदलून विशेष फरक पडला नाही. मध्यम टीम्सनी कोच बदलला, तर त्या न बदलणाऱ्यांपेक्षा मागेच पडल्या.

असं का? समजा एखाद्या टीमचा सीझन अतिशय वाईट गेला. त्यात थोडी कमतरता असते, थोडं दुर्दैव असतं: दुखापती, शेवटच्या सेकंदाला हुकलेली किक. दुर्दैव दरवर्षी येत नाही. म्हणून पुढच्या वर्षी टीम आपोआप थोडी वर येते, कोच कोणीही असो. पण मधल्या काळात कोच बदललेला असेल, तर श्रेय नव्या माणसाला जातं आणि आपण म्हणतो, बघा, काढल्याचा फायदा झाला!

पण फ्रॉस्टच्या बाबतीत दुसरा गट बरोबर निघाला. २०२२ मध्ये पहिल्या तीन मॅचपैकी दोन हरले, एक तीन पॉइंटांनी, दुसरीही तीनच पॉइंटांनी. ही दुसरी जॉर्जिया सदर्नसारख्या लहान टीमकडून, स्वतःच्या मैदानावर, ४५-४२. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं.

आता 'बायआउट' समजून घेऊया. करार संपायच्या आत कोचला काढलं, तर ठरलेली मोठी रक्कम त्याला द्यावी लागते. फ्रॉस्टच्या करारात १ ऑक्टोबरनंतर ही रक्कम निम्म्यावर येणार होती, दीड कोटी डॉलरवरून ७५ लाख डॉलरवर. तारीख होती ११ सप्टेंबर. म्हणजे वीस दिवस थांबले नाहीत म्हणून ७५ लाख डॉलर जास्त गेले! आणि हे कमीच म्हणायचं. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमने जिंबो फिशरला काढलं, तेव्हा बायआउट साडेसात कोटी डॉलरच्या वर होता.

कोचला पैसे मिळतात, तो सुखरूप सुटतो. बाकीच्यांचं काय? त्याच्यासोबतचे डझनभर सहाय्यक बिऱ्हाड उचलून दुसरं राज्य शोधतात. आणि अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, जी 'या कोचसाठी' म्हणून आलेली असतात, त्यांच्या हातात खेळायची वर्षं मोजकीच. त्यातली दोन कोच बदलण्यात गेली की संपलं. फॅन्स वाद घालताना हा हिशोब सहसा कोणी मांडत नाही.

मग धीराची बाजू पूर्ण चुकीची? नाही. फ्रँक बीमर १९८७ मध्ये व्हर्जिनिया टेकला आला. टीमवर आधीच्या काळातल्या गैरप्रकारांमुळे शिक्षा होती, स्कॉलरशिप कमी केल्या होत्या. पहिल्या सहा वर्षांत २४ विजय, ४० पराभव, २ बरोबरी. सहाव्या वर्षी तर फक्त दोन मॅच जिंकल्या. तरी ठेवला, फक्त सहाय्यकांमध्ये बदल केले. त्यानंतर २०१५ मध्ये निवृत्त होईपर्यंत सलग २३ वर्षं टीम बोल गेमला गेली. १९९९ च्या सीझनमध्ये तर थेट राष्ट्रीय विजेतेपदाची मॅच खेळली.

पण मंडळी, बीमरची गोष्ट आपण ऐकतो कारण ती यशस्वी झाली. सहा वर्षं दिली आणि सातव्या वर्षीही काहीच झालं नाही, अशा कोचची गोष्ट कोण सांगणार?

शिवाय बीमरच्या काळातलं घड्याळच आता राहिलं नाही. तेव्हा शाळेतून मुलगा यायचा, दोन-तीन वर्षं तयार व्हायचा, मग खेळायचा. दुसऱ्या कॉलेजात गेला तर सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. म्हणून रिबिल्डला चार वर्षं हा हिशोब होता. २०२१ पासून नियम सैल झाले. 'ट्रान्सफर पोर्टल'मध्ये नाव टाकायचं आणि लगेच नव्या टीमकडून खेळायचं. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे कमवायलाही परवानगी मिळाली. परिणाम काय? इंडियाना २०२३ मध्ये ३-९ होती. कर्ट सिग्नेटी आला, जुन्या कॉलेजातले डझनभर खेळाडू सोबत घेऊन आला, आणि २०२४ मध्ये ११-२. पुढच्या सीझनला तर एकही मॅच न हरता राष्ट्रीय विजेतेपद. आता प्रत्येक फॅन आपल्या कोचला विचारतो, त्यांना एका वर्षात जमलं, तुला का नाही?

आणि हाच प्रश्न आज नेब्रास्काच्या मॅट रूलसमोर आहे. हा माणूस 'तिसऱ्या वर्षाचा कोच' म्हणून ओळखला जायचा. टेंपलला २-१०, ६-६, मग १०-४. बेलरला १-११, ७-६, मग ११-३. नेब्रास्काने त्याला आठ वर्षांचा करार दिला. २०२३ मध्ये ५-७. २०२४ मध्ये ७-६ आणि २०१६ नंतरचा पहिला बोल गेम, तोही जिंकला. सगळे तिसऱ्या वर्षाची वाट बघत होते. २०२५ मध्ये पुन्हा ७-६. आणि तो सीझन चालू असतानाच विद्यापीठाने त्याचा करार आणखी वाढवला.

मित्राला विचारलं, तू कुठल्या बाजूला? तो म्हणाला, "अरे, मी आधी काढा म्हणायचो. आता विचारतो, काढला तर आणायचा कोणाला?"

मला वाटतं सगळ्या वादात हाच प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. सोलिचला काढताना तो विचारला गेला नाही, नवा कोच मिळायला चाळीसेक दिवस लागले. पेलिनीच्या वेळीही तेच, नऊ विजयांच्या जागी सहा आले. दुसरं, नुसता निकाल बघू नका, चुका त्याच आहेत की नव्या ते बघा. नव्या चुका म्हणजे टीम काहीतरी शिकतेय. चार वर्षं त्याच चुका म्हणजे फ्रॉस्ट. तिसरं, खेळाडू थांबतायत का? पोर्टलच्या जमान्यात चांगली मुलं दरवर्षी निघून जात असतील, तर आतलं काहीतरी बिघडलंय, आणि ते त्या मुलांना आपल्या आधी कळलेलं असतं.

धीर धरणं म्हणजे डोळे मिटून बसणं नाही. कशाची वाट बघतोय हे आधीच ठरवलेलं असेल, तर तो धीर. नाहीतर ती नुसती आशा, आणि तिचं बिल बायआउटच्या रूपात येतं.

आता तुम्ही सांगा, रूलच्या जागी तुम्ही असतात तर अजून किती वर्षं मागितली असती? आणि फॅन असतात, तर किती दिली असती? दोन्ही आकडे एकच येतायत का बघा. व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडला वाजवतो. तोपर्यंत भेटू, काळजी घ्या!