दोन वर्षांची अमेरिकन पदवी : प्रवेशाआधी हे विचारा

अमेरिकेत स्थायिक झालेले नातेवाईक पुष्कळदा कळवतात, ‘मुलाला इकडे पाठवा, दोन वर्षांत बिझनेसची पदवी होईल.’ गोष्ट खरी आहे, पण अर्धी. ही असोसिएट पदवी. ती बी.कॉम. नव्हे, तिथल्या चार वर्षांच्या पदवीचा पहिला अर्धा भाग समजावा.

ही पदवी मुख्यतः कम्युनिटी कॉलेजात मिळते. असे पहिले सार्वजनिक कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट येथे निघाले. वर्ग लहान असतात, फी विद्यापीठाहून बरीच कमी. दिवसा नोकरी-धंदा करून संध्याकाळी शिकणारेही तिथे पुष्कळ. मात्र कमी फी त्या राज्याच्या रहिवाशाला. बाहेरच्याला ती कितीतरी जास्त पडते. शिवाय विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला दर सत्रात सहसा किमान १२ क्रेडिटचा अभ्यास घ्यावाच लागतो, आणि परवानगीवाचून बाहेर काम करता येत नाही. मामाच्या दुकानात बसून शिकण्याचा बेत असेल तर तो आधीच सोडावा.

एकूण सुमारे ६० क्रेडिट, म्हणजे साधारण २० विषय. त्यांत इंग्रजी लेखन व गणित येते, तसेच अर्थशास्त्र, व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र. कारागिराच्या घराला खरा उपयोग हिशेबशास्त्राचा. समजा, चपलेच्या जोडाला माल व मजुरी मिळून ४५० रुपये लागतात आणि तो ५५० ला विकला जातो. आपण म्हणतो, शंभर सुटले. पण गाळ्याचे भाडे व वीज महिना १२,००० असेल, तर १२० जोड विकेपर्यंत एक पैसाही नफा नाही. शंभरच जोड गेले तर २,००० चा तोटा. गिऱ्हाइकाला सूट किती द्यायची, हे या आकड्यावर ठरते. आपल्याकडे हे अंदाजाने चालते. तिथे ते कागदावर मांडायला शिकवतात.

आता मुख्य मुद्दा. या पदवीचे दोन प्रकार आहेत. एक पुढे विद्यापीठात जाण्यासाठी, दुसरा थेट नोकरीसाठी, ज्याच्या नावात ‘अप्लाइड’ हा शब्द असतो. दुसऱ्या प्रकारातील सगळे क्रेडिट विद्यापीठ धरेलच असे नाही. मग तेच विषय पुन्हा, फी पुन्हा. कॅलिफोर्नियात २०१० च्या कायद्याने एक खास असोसिएट पदवी ठरवून दिली. अटी पुऱ्या करणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत जागा मिळते, पण हव्या त्याच शहरात मिळेल असे नाही. इतरत्र कॉलेजला सरळ विचारावे : तुमचा कोणत्या विद्यापीठाशी लेखी करार आहे, आणि माझे किती क्रेडिट तिथे धरतील? उत्तर तोंडी घेऊ नये. कॉलेजला मान्यता कोणत्या संस्थेची आहे, तेही पाहावे.

मुलगा दोन वर्षांनी परत आला तर? भारतात एम.बी.ए.ला किमान तीन वर्षांची पदवी लागते, असोसिएट पुरत नाही. आपल्याकडेही २०२० च्या शैक्षणिक धोरणात, पदवीची दोन वर्षे करून बाहेर पडणाऱ्यास पदविका देण्याची सोय आहे. दुकानच सांभाळायचे असेल, तर आधी जवळच्या कॉलेजात चौकशी करावी.