डीबगरला लायब्ररीचा पत्ता कोण सांगतं?

लिनक्सवर प्लगइन असलेला प्रोजेक्ट ज्याने केला असेल त्याला जीडीबीचा एक प्रश्न हमखास भेटलेला असतो. प्लगइनमधल्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावला की जीडीबी म्हणतो, हे फंक्शन तर सापडत नाही. पुढे एखादी शेअर्ड लायब्ररी आली तर तिच्यात बघू का? आपण 'वाय' दाबतो आणि प्रोग्रॅम बरोबर तिथे जाऊन थांबतो. आमच्या हॉस्टेलवर सगळेच 'वाय' दाबतात. पण लायब्ररी आल्याचं जीडीबीला कळलं कसं, असं विचारलं की रूममध्ये शांतता!

आधी हे लक्षात घ्या की प्रोग्रॅमच्या फाईलमध्ये लायब्ररीचा कोड नसतो, फार तर तिचं नाव असतं. लायब्ररी शोधणं, मेमरीत आणणं, पत्ते जुळवणं हे सगळं काम 'एलडी डॉट एसओ' म्हणजे डायनॅमिक लिंकर करतो, आणि तेही प्रोसेसच्या पोटात बसून. कर्नलला दिसतं ते एवढंच की एक फाईल मेमरीत आली. ती लायब्ररी होती की डेटा, याचं त्याला काही पडलेलं नसतं. विंडोजचं वेगळं आहे. तिथे डीएलएल आली की ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच डीबगरला निरोप देते. लिनक्सवर तो निरोप लिंकरनेच द्यायचा.

त्यासाठी लिंकर मेमरीत 'आर_डीबग' नावाचं एक छोटं स्ट्रक्चर ठेवतो. त्यात आवृत्तीचा आकडा, लायब्ररींच्या यादीचा पत्ता, सध्याची स्थिती आणि एका फंक्शनचा पत्ता असतो. यादी आपल्या डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरातलीच, दोन्हीकडे जोडलेली लिंक्ड लिस्ट. तिच्या प्रत्येक नोडमध्ये लायब्ररीचं नाव आणि ती मूळ पत्त्यापासून किती सरकून बसली ते लिहिलेलं असतं.

गंमत त्या फंक्शनची आहे. ते रिकामं आहे! जीएनयूच्या सी लायब्ररीत, म्हणजे जीलिबसीत, त्याचं नाव '_डीएल_डीबग_स्टेट'. आत काहीच काम नाही. यादी बदलण्याआधी एकदा आणि बदलून झाल्यावर एकदा लिंकर ते कॉल करतो, आणि डीबगरने तिथे गुपचूप आपला ब्रेकपॉइंट लावून ठेवलेला असतो. दोनदा का? बीडच्या बसस्थानकावर गाड्यांच्या वेळांचा फळा कुणी पुसून लिहीत असेल आणि तुम्ही मध्येच वाचलात, तर परळीची वेळ अंबाजोगाईच्या गाडीला लागायची. म्हणून स्थितीच्या खान्यात तीन किमती असतात: भर पडत आहे, काढणं चालू आहे, आणि यादी सुसंगत आहे. तिसरी दिसल्याशिवाय यादीवर विश्वास ठेवायचा नाही.

आता खरा प्रश्न. लिंकर वेगळे लोक लिहितात, डीबगर वेगळे, आणि दोघांच्या नव्या आवृत्त्या वेगवेगळ्या वेळी निघतात. लिंकरवाल्यांनी एखादा खाना इकडचा तिकडे केला तर त्या मशीनवरचे जुने डीबगर त्याच दिवशी आंधळे. बॅकट्रेसमध्ये नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! त्यामुळे नोडमधले पहिले पाच खानेच जाहीर केलेले आहेत. जीलिबसीच्या आतल्या नोडमध्ये त्यांच्यामागे बरेच खाजगी खाने आहेत आणि ते हवे तसे बदलता येतात.

सोलारिसने दुसरी वाट धरली. तिथे लिंकरसोबत 'लिबआरटीएलडी_डीबी' ही वेगळी लायब्ररी मिळते. डीबगरने ती स्वतःमध्ये लोड करून प्रश्न विचारायचे, आतली रचना कशीही असो. ऐकायला हे जास्त सुबक आहे. पण एआरएम बोर्डवरचा प्रोग्रॅम आपल्या पीसीवरून डीबग करायचा असेल तर बोर्डची लायब्ररी पीसीवर चालणार कशी? आपल्यासारख्या एम्बेडेडवाल्यांना मला साधं स्ट्रक्चरच बरं वाटतं. प्रोग्रॅम मेल्यावर उरलेल्या कोअर फाईलमधूनही ते वाचता येतं.

साधेपणाची किंमत मात्र मोजावी लागते. शेकडो लायब्ररी आणणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दर वेळी थांबून अख्खी यादी वाचायची म्हणजे फार वेळ जातो. म्हणून जीलिबसीत पुढे प्रोब बसवले. नेमकं काय घडलं ते प्रोब सांगतात, त्यामुळे जीडीबीला फक्त नवीन नोंदी वाचून भागतं. प्रोब चालले नाहीत तर तो मुकाट्याने जुन्या रिकाम्या फंक्शनकडे वळतो.

दुसरी अडचण 'डीएलएमओपन'ची. हा कॉल लायब्ररींची स्वतंत्र यादी तयार करतो, आणि 'आर_डीबग'मध्ये जागा एकाच यादीला! मग त्याच स्ट्रक्चरमध्ये एक खाना वाढवायला काय हरकत होती? हरकत अशी, की काही जुन्या प्रोग्रॅममध्ये त्या स्ट्रक्चरची जुन्या मापाची प्रत असू शकते. म्हणून 2022 मध्ये आलेल्या जीलिबसी 2.35 मध्ये एक नवं स्ट्रक्चर केलं: पुढे जुनं जसंच्या तसं, आणि मागे पुढच्या यादीकडे नेणारा एक पॉइंटर. आवृत्तीचा आकडा 1 चा 2 होतो, तोही दुसरी यादी खरोखर तयार झाली तरच. ज्या प्रोग्रॅमला 'डीएलएमओपन' माहीतच नाही त्याच्यासाठी काहीच बदललेलं नसतं.

लॅबमध्ये करून बघा. कुठल्याही प्रोग्रॅमवर 'रीडएल्फ' 'उणे डी' देऊन चालवा. यादीत 'डीबग' अशी एक ओळ दिसेल आणि तिच्यापुढे शून्य. प्रोग्रॅम चालू झाला की लिंकर त्या शून्याच्या जागी 'आर_डीबग'चा पत्ता लिहितो. नंतर जीडीबीत 'सेट स्टॉप-ऑन-सोलिब-इव्हेंट्स 1' द्या आणि 'रन' करा. एरवी गुपचूप होणारे ते थांबे आता तुमच्या डोळ्यांसमोर होतील.