कौशांबीच्या अलीकडे, पलीकडे

मेट्रोच्या निळ्या मार्गावर आनंद विहार दिल्लीत आणि त्यापुढचं कौशांबी गाझियाबादेत, म्हणजे उत्तर प्रदेशात. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांचे संमतीचे, खासगीतले समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले. कायदा केंद्राचा, पण न्यायालय दिल्लीचं. मग हा निकाल अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या हद्दीत चालतो का, हा वादाचा मुद्दा होता. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकालच फिरवला. मधली जवळपास साडेचार वर्षं दिल्लीकर निर्धास्त आणि गाझियाबादकर साशंक, अशी गेली.

या काळाकडे एका जुन्या वादाची कसोटी म्हणून पाहता येतं. ब्रिटनमध्ये १९५७ साली वुल्फेंडन समितीनं असे संबंध गुन्हा ठरवू नयेत, अशी शिफारस केली, तेव्हा न्यायाधीश डेव्हलिन यांनी हरकत घेतली: समाज सामायिक नीतीवर उभा असतो, ती सैल झाली की समाज विस्कटतो, म्हणून कायद्यानं ती राखावी. तत्त्वज्ञ हार्ट यांनी उलट विचारलं, याला पुरावा काय? दिल्ली-गाझियाबादच्या सीमेवर तो मिळायला हवा होता. भाषा, सण, लग्नाच्या चालीरीती, नोकरीची ठिकाणं, सगळं दोन्हीकडे जवळपास सारखं. तरी दिल्लीतली कुटुंबं मोडली आणि गाझियाबादेतली टिकली, असं कोणी दाखवलेलं नाही. साडेचार वर्षं फार थोडी, नीतीची झीज पिढ्यान्‌पिढ्या होते, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण मग किती वर्षांनी, कोणत्या खुणेवरून ती झीज ओळखायची, हे आक्षेप घेणाऱ्यांनीच सांगावं. खूणच सांगता येत नसेल, तर त्या भीतीपोटी कोणाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवणं समर्थनीय नाही.

दुसरा आक्षेप २०१३ च्या निकालातच होता: हे लोक मूठभर, आणि दीडशे वर्षांत खटले दोनशेहूनही कमी. पण मूलभूत हक्क डोकी मोजून वाटले जात नाहीत. शिवाय जे कलम कोर्टात क्वचित जातं, ते धाक घालायला आणि पैसे उकळायला पुरेसं असतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं हे मान्य केलं आणि संमतीचे संबंध पुन्हा कलमातून वगळले. तरीही २०१९ मध्ये शेजारच्या बुलंदशहरात एका होमगार्डला समलिंगी संबंधांच्या व्हिडिओवरून सेवेतून काढलं गेलं. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. कायद्यातून गेलेले डेव्हलिन सरकारी कार्यालयात बसलेले असतात, ते असे.

हार्ट यांच्या बाजूनं बोलणाऱ्यालाही मात्र एक हिशेब द्यावा लागतो. हानी आणि संमती हीच सीमारेषा मानली, तर संमतीविना झालेला अत्याचार गुन्हाच राहायला हवा, आणि २०१८ च्या निकालानं तो ठेवलाही होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ सारखं कलमच नाही आणि बलात्काराच्या कलमात पीडित फक्त स्त्री. ॲपवरच्या ओळखीतून गाझियाबादेत बोलावून एखाद्या पुरुषावर बळजबरी झाली, तर मारहाण, डांबून ठेवणं, खंडणी यांची कलमं लागतील. मूळ अत्याचाराला त्याच्या नावाचं कलम नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राला याचा विचार करायला सांगितलं. संसदेनं जाचक अर्ध्या भागाबरोबर गरजेचा अर्धा भागही काढून टाकला आहे, आणि तो परत आणायला कोणाच्याही नीतिकल्पनेची आडकाठी नाही.