बँड खरा कशावरून?

नवी अँटिबॉडी लॅबमध्ये आली की तिच्यावर लगेच भरवसा ठेवायचा नाही, हे मी नव्या मुलांना आधीच बजावते. आता आलीय ती हेक्झोकायनेज-२ची. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट जोडून त्याची बाहेर पडायची वाट बंद करायची, हे या एन्झाइमचं काम. कॅन्सरच्या पेशींत ते बरेचदा वाढलेलं असतं. पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते त्यातही त्याचा हात असतो.

अडचण भावंडाची आहे. हेक्झोकायनेज-१चा अमिनो आम्लांचा क्रम बराचसा तसाच आणि वजनही तेवढंच, साधारण १०२ किलोडाल्टन. प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर दोघं एकाच उंचीला. म्हणून एका लेनमध्ये साध्या हेला पेशींचं सॅम्पल घातलं आणि शेजारी त्याच पेशींचं, पण हेक्झोकायनेज-२चं जनुक क्रिस्परने निकामी केलेलं.

जेलमधली प्रथिनं मेम्ब्रेनवर ट्रान्स्फर झाल्यावर तिच्यावर पाँसो, म्हणजे सगळी प्रथिनं रंगवणारा रंग, ओतला. गुलाबी पट्ट्या उमटल्या. जिथे हवेचा बुडबुडा अडकला होता तिथे पांढरा ठिपका, सुदैवाने कडेला. रंग धुऊन मेम्ब्रेन ५ टक्के स्किम मिल्क पावडरीच्या द्रावणात ठेवली. दुधातली प्रथिनं मोकळ्या जागा भरून टाकतात, म्हणजे अँटिबॉडी वाटेल तिथे चिकटत नाही. मग प्रायमरी, म्हणजे सशाची ही नवी अँटिबॉडी, १:१०००, रात्रभर ४ अंशांवर, रॉकरवर. सकाळी धुणं. हे काम कंटाळवाणं आणि घाई करणाऱ्याला हमखास नडणारं: मागची सगळी पार्श्वभूमी काळी येते. पुढे सशाच्या अँटिबॉडीला पकडणारी सेकंडरी, तिच्या जागी उजेड पाडणारं ल्युमिनॉल, कॅमेरा.

हेलाच्या लेनमध्ये शंभराच्या किंचित वर ठसठशीत बँड. शेजारी त्या उंचीला काहीच नाही. म्हणजे भावंडाला ती धरत नाही. पण सत्तरच्या आसपास दोन्ही लेनमध्ये एक पुसट रेघ होती. ब्लॉटमध्ये तिच्याकडे कानाडोळा करता येतो, कारण ती वेगळ्या उंचीला आहे. पेशी जशीच्या तशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची तर वजनाप्रमाणे निवड होतच नाही, तिथे ही अँटिबॉडी मी वापरू देणार नाही.

राहिला लोडिंग कंट्रोल, म्हणजे दोन्ही लेनमध्ये सारखंच प्रथिन घातलंय याची खात्री. सवयीने सगळे जीएपीडीएच लावतात. पण तेही ग्लुकोज फोडणाऱ्या त्याच साखळीतलं एन्झाइम. ऑक्सिजन कमी केला की पुष्कळ पेशींत तेही वाढतं. आमचा पुढचा प्रयोग नेमका कमी ऑक्सिजनचाच, तेव्हा त्याऐवजी पाँसोचा फोटो लावायचं ठरलं.