खर्ऱ्यावर बंदी आहे, मग ठेल्यावर मिळतो कसा?

सख्यांनो, सुपारी, तंबाखू अन् चुना पन्नीत घोटून जो खर्रा विकतात, तो महाराष्ट्रात बंद आहे. माहीत होतं? आपल्या नागपूर भागात तर शाळकरी पोरांच्या खिशातही पुडी सापडते.

ही बंदी सहज आली नाही. राज्यानं २००२ मध्ये गुटखा पाच वर्षांसाठी बंद केला. कंपन्या कोर्टात गेल्या अन् २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात बंदी टिकली नाही. गुटखा चांगला आहे असं कोर्टानं म्हटलं नव्हतं. भेसळीच्या जुन्या कायद्यात राज्याच्या अधिकाऱ्याला तेवढा अधिकारच नव्हता. म्हणजे रागावून भागत नाही, कागद पक्का लागतो.

पुढे २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला. त्याखालच्या २०११ च्या नियमानं खाण्याच्या पदार्थात तंबाखू घालायला मनाई केली. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचे डॉक्टर तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट सोबत घेऊन पुढाऱ्यांना भेटत राहिले. जुलै २०१२ मध्ये गुटखा, पानमसाला बंद झाला. २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा, मावाही त्यात आला. शहरातल्या संस्था याला ॲडव्होकसी म्हणतात. आपण पाठपुरावा म्हणतो, बँकेत कर्जासाठी करतो तसाच.

पण या कायद्यात आयुक्तांचा आदेश जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. दरवर्षी नवा काढावा लागतो. म्हणून विचारणारं कोणीतरी लागतंच.

ग्रामस्वच्छता अभियानामुळं आपल्या ओळखीचे आर. आर. आबा २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरनं गेले. मंत्र्याच्या घरी जे टळलं नाही, ते मजुराच्या घरी कसं टळणार? आपल्याकडून माणूस तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला पोहोचतो तेव्हा बहुतेकदा तोंड उघडेनासं झालेलं असतं.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था अन् सरकार मिळून 'मुक्तिपथ' चालवतात. तिथं गावागावांत बायाच पुढं आहेत. आपल्यालाही जमेल. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथं खर्राबंदीचा ठराव मांडा. शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही. लहान पोराला तंबाखू देणाऱ्याला बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. कधी ठेला आपल्याच गटातल्या ताईचा असतो अन् त्यावर तिचं घर चालतं. माझ्या मते आधी तिला गटातून दुसऱ्या मालासाठी कर्ज द्यावं, मगच ठराव करावा. नाहीतर गट फुटेल अन् खर्रा तसाच राहील.

ठरावाची नक्कल जोडून अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात अन् पोलीस ठाण्यात अर्ज द्या. एकटीनं नको, ग्रामसंघाच्या लेटरहेडवर. अन् ताई, पोच घेतल्याशिवाय निघू नका.