परदेशी शिक्षणशास्त्र आणि बीडचा विद्यार्थी

ज्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीसाठी सहकुटुंब स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या मुलांचे शिक्षण दरवर्षी दिवाळीनंतर कित्येक महिने खंडित होते, तेथील पदवीधराने आंतरराष्ट्रीय शिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना, विद्यापीठाच्या कीर्तीपेक्षा, स्थलांतरितांच्या शिक्षणाचा तौलनिक अभ्यास तेथे होतो काय, हे प्रथम पाहावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. अध्यापकवर्गाची चौकशी म्हणूनच अगत्याची. ब्रिटनमधील अभ्यासक्रम बहुधा एक वर्षाचा, अमेरिकेतील एक ते दोन वर्षांचा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून मुदतीपूर्वीच काढून ठेवावा.