मोटारसायकल उचलताना

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारसायकल उचलण्याच्या यंत्रावर लेख लिहावा, हे पाहून आमच्या काही व्याकरणप्रेमी मित्रांच्या भुवया वर जातील. जावोत बापड्या! मी राहतो त्या कोल्हापुरात दुचाकी ही घरातल्या माणसांतच मोजली जाते. खंडेनवमीला पाने, पकडी आणि हातोडी यांच्या पंगतीत तिचीही पूजा होते, गळ्यात झेंडूची माळ पडते. आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी घरोघर तिची आंघोळ, चेनची सफाई, ऑइलची बदली असा थाट निघतो. पूर्वी हे सारे मिस्त्रींकडे जाई. हल्ली ते घरीच करण्याची हौस वाढली आहे, आणि जिथे एके काळी पाण्याचे पिंप असायचे त्या जिन्याखालच्या जागेत जॅक आणि स्टँड येऊन बसले आहेत. हौसेला माझी हरकत नाही. थोरल्या बंधूंची बुलेट गेली काही वर्षे माझ्याच दारात आहे, आणि तिची बरीचशी सेवा मीच करतो.

या यंत्राला मराठीत म्हणावे तरी काय? शासकीय मराठीत लिफ्टला 'उद्वाहन' असा भारदस्त शब्द आहे. पण "जरा उद्वाहन आणा हो" असे मी उद्यमनगरात जाऊन म्हणालो, तर चार कारागीर वेल्डिंग थांबवून माझ्याकडे पाहत राहतील. आमचे मिस्त्री त्याला नुसते 'टेबल' म्हणतात. लहान असेल तर 'जॅक'. मीही तेच शब्द वापरणार आहे.

आता हा लेख लिहिण्याचे कारण सांगतो. आमच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. कागल तालुक्यातला, अंगाने काटक, पोलीस भरतीची तयारी करणारा. पहाटे पाचला मैदानावर धावून आठच्या तासाला येऊन बसे, आणि तरीही झोपत नसे, हे विशेष! भरतीला दीड महिना उरला असताना तो काठी टेकत वर्गात आला. डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर. घडले ते असे. त्याने वडिलांची गाडी कात्रीच्या जॅकवर घेतली आणि मागचे चाक काढायला बसला. आसाचा नट गंजून घट्ट बसलेला. मला म्हणाला, "सर, नट हलेना म्हणून पान्याला पाइप घातला आणि त्याच्यावर पाय दिला." नट हलला नाही, गाडी हलली. जॅकवरून घसरून ती थेट त्याच्या नडगीवर आली. हाड पुढे जुळले, पण त्या वर्षीची भरती हुकली ती हुकलीच. वर वयाची अट घड्याळासारखी डोक्यावर टांगलेली. त्या मुलाचा निबंध तपासताना माझे लक्ष लागेना. तेव्हापासून कोणी घरी गाडी उचलतो असे कळले, की मी दोन गोष्टी विचारल्याशिवाय सोडत नाही.

त्याचे नेमके चुकले कुठे? बुलेट ३५० च्या हल्लीच्या नमुन्याचे वजन पेट्रोल-ऑइल धरून १९५ किलो भरते, म्हणजे सिमेंटची जवळजवळ चार पोती. इतर गाड्या हलक्या असल्या तरी नडगीच्या मानाने फार हलक्या नव्हेत. हे ओझे कात्रीच्या जॅकवर असते तेव्हा वीतभर-दीड वीत रुंदीच्या पाटावर उभे असते, आणि त्याचा गुरुत्वमध्य त्या पाटाच्या पुष्कळ वर असतो. आपल्या स्वयंपाकघरातली मडक्यांची उतरंड आठवा. वजनाची रेषा पाटाच्या आत पडते तोवर उतरंड शांत. ती रेषा कडेबाहेर गेली की मग हात पुढे करूनही उपयोग नाही. लांब पाइप घातलेल्या पान्यावर पाय देणे म्हणजे तरफेने त्या उतरंडीला बाजूला ढकलणेच झाले. म्हणून जे जे घट्ट असेल ते चाके जमिनीवर असतानाच सैल करून घ्यावे. आसाचा नट, सायलेन्सरचे बोल्ट, ऑइल काढायचा बोल्ट, सगळे पाव फेरा ढिले करावे आणि मग गाडी उचलावी. शेवटचे आवळणेही तसेच, गाडी खाली आल्यावर. एवढे एकच त्या मुलाला कोणी आधी सांगितले असते तर!

कात्रीच्या जॅकची आणखी एक खोड आहे. त्याचा स्क्रू सुरुवातीला अगदी गच्च जातो आणि वर गेल्यावर हलका होतो. पुष्कळांना वाटते, जॅक बिघडला. बिघाड काही नाही, तो भूमितीचा गुण आहे. कात्रीचे हात जमिनीशी ४५ अंशांत असतात तेव्हा स्क्रूवरची ओढ वजनाइतकीच असते. पण हात १० अंशांवर, म्हणजे जवळजवळ आडवे असतील तर ती वजनाच्या साडेपाच पटींहून अधिक होते. त्यामुळे जॅक अगदी तळापासून चढवू नये. त्याच्याखाली सपाट, भक्कम लाकडी फळी घालून तो अर्धवट उघडलेल्या स्थितीत सुरू करावा. फळीच्या जागी विटा मात्र नकोत. वीट आधी तडकते आणि मग सांगते. टेकू गाडीच्या चौकटीच्या नळ्यांना द्यावा, मध्ये रबर ठेवावे. सायलेन्सरला किंवा त्याच्या पातळ पत्र्याला टेकू देणाऱ्याचा खर्च मिस्त्रींच्या दिवाळीला हातभार लावतो.

टेबलाची गोष्ट निराळी. पायाने पंप दाबत गेले की तेलाच्या दाबावर सबंध गाडी कमरेइतकी वर येते. तत्त्व पास्कालचे, सतराव्या शतकातले. ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये त्यावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्या १ सेंटिमीटर व्यासाचा आणि मोठा ४ सेंटिमीटरचा असेल तर जोर सोळा पट होतो, म्हणून आमच्यासारख्या खडूवाल्यांनाही बुलेट उचलता येते. पण ही सारी मदार एका रबरी कडीवर असते. ती झिजली की तेल झिरपते आणि टेबल हळूच किंवा एकदम खाली बसते. आमचे मिस्त्री म्हणतात, "सर, जॅक उचलतोय, धरत न्हाई. धरायचं काम दांड्याचं." तो दांडा म्हणजे टेबलाची लोखंडी खीळ. टेबल हवे तितके वर गेले की खीळ खाचेत घालायची आणि मग दाब थोडा सोडून सगळे वजन त्या खिळीवर बसवायचे. खीळ घातली पण वजन अजून तेलावरच, असे पुष्कळ ठिकाणी दिसते.

गाडी टेबलावर चालवत नेऊ नये. ढकलत न्यावी, आणि दोघांनी. एकजण डावीकडे, हात पुढच्या ब्रेकवर, दुसरा मागे. पुढचे चाक शिकंज्यात बसले की चार पट्टे, दोन पुढे आणि दोन मागे, दोन्ही बाजूंना सारख्या ओढीचे. पुढचे पट्टे शक्यतो हँडलऐवजी फोर्कच्या खालच्या जोडाला बांधावेत आणि शॉकॲब्सॉर्बर अर्धवटच दबेल इतके ताणावेत. तळापर्यंत दाबून ठेवले तर त्याच्या सीलवर नाहक जोर येतो. एक गंमत मात्र ध्यानात असू द्या. शिकंजा धरतो पुढचे चाक, आणि काम असते तेच चाक काढण्याचे! मग ते निघाल्यावर गाडी धरणार कोण? अशा वेळी आधी चौकटीखाली वेगळा टेकू हवा. मागचे चाक काढले की भार पुढे झुकतो, पुढचे काढले की मागे. पट्टे बांधताना हे आधीच मनाशी जुळवून घ्यावे.

आता दिवाळीतल्या दिवाळीत एक सांगणे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता फरशीवरून सरपटत जाते आणि चार हातांवरच्या पणतीपर्यंत पोचते. तेव्हा टाकी किंवा कार्ब्युरेटर उघडायचा तो सकाळी, उजेडात, पणत्या-उदबत्त्यांपासून दूर. आमच्या घरी याबाबत सौभाग्यवतींचा हुकूम चालतो, आणि तो योग्यच आहे. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवायचे नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि चेन साफ करताना चाक हाताने फिरवावे, इंजिनाने कदापि नाही. किल्ली खिशात. आमच्या मिस्त्रींच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके चेन आणि स्प्रॉकेट यांच्यामध्ये गेली आहेत. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, आणि उस्तादाने गाडी गियरमध्ये ठेवून कापड धरायला सांगितले होते.

काम झाले की उतरवण्याची घाई होते, कारण आत चकलीचा घाणा चाललेला असतो. पण उतरवण्याआधी टेबलाखाली वाकून पाहावे. पाना, ऑइलची थाळी, मांजर, शेजारचे पोर, यांपैकी काहीही तिथे असू शकते. मग किंचित वर उचलून खीळ काढावी आणि दाब सोडायचा पायदांडा अगदी हळू, थांबत थांबत दाबावा. पट्टे चाके पूर्ण टेकल्यावरच सोडावेत, आणि तेही स्टँड लागले आहे हे हाताने चाचपून. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढून बसवताना त्याचे पॅड मागे सरकलेले असतात, म्हणून निघण्यापूर्वी ब्रेकचा दांडा घट्ट लागेपर्यंत चार-पाच वेळा दाबून घ्यावा. पहिली फेरी अंगणातच, पहिल्या गियरमध्ये.